१९५० च्या दशकातलं अमेरिकन डिशवॉशर नागपुरात चालवायचं आहे: व्होल्टेज, सील आणि पाण्याचा दाब

महालकर

भंगारात निघालेलं १९५० च्या दशकातलं अमेरिकन डिशवॉशर आहे. वरून उघडतं. आत पोर्सिलेन इनॅमलचा टब, तळाशी मधोमध इम्पेलर (पाणी फेकणारं पात्यांचं चाक), त्याभोवती हीटरची कडी. नेमप्लेट वाचता येते: ११५ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे ६० हर्ट्झ), मोटर १/३ एचपी, हीटर ७५० वॉट. इम्पेलर हाताने फिरतो, पण टबाखाली शाफ्टजवळ पाणी गळल्याचे जुने डाग आहेत. निचऱ्याला पंप नाही, सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपसूक खाली जातं.

बाजारात मिळतो तो २३०-११० चा ट्रान्सफॉर्मर लावला तर चालेल का? शाफ्टचं सील (फिरत्या शाफ्टभोवतून पाणी गळू न देणारा भाग) इथे मिळेल का? आणि पाणी गच्चीवरच्या टाकीचं आहे, टाकी मशीनच्या वर जेमतेम ४ मीटर. तेवढा दाब पुरेल का? शोभेला ठेवायचं नाही, रोज भांडी धुवायची आहेत.

वाइंडिंगभाऊ

महालकर भाऊ, तो ट्रान्सफॉर्मर लावू नका. व्होल्टेज जुळतं, फ्रिक्वेन्सी जुळत नाही: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ६० हर्ट्झच्या मोटरला ५० वर तेवढंच व्होल्टेज दिलं की तिचा लोखंडी गाभा सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), करंट वाढतो, मोटर घुमते आणि तापते. नागपूरच्या मे महिन्यात ते सत्तर वर्षांपूर्वीचं वाइंडिंग टिकणार नाही. व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात उतरवा: ११५ × ५० ÷ ६० = ९६.

पण त्याहून खाली जाऊ नका. या मोटरमध्ये सेंट्रिफ्युगल स्विच असतो. तो साधारण १३५० आरपीएमला उघडून स्टार्ट वाइंडिंग (फक्त मोटर सुरू करण्यापुरतं लागणारं) सोडवतो. ६० हर्ट्झवर मोटर १७२५ ला पळते, आपल्याकडे १४४० च्या वर जात नाही. मधलं अंतर आधीच कमी झालं आहे. व्होल्टेज आणखी पडलं तर स्विच उघडतच नाही आणि स्टार्ट वाइंडिंग मिनिटाभरात जळतं.

हीटरला फ्रिक्वेन्सीशी काही घेणं नाही, त्याला ११५ च हवेत. ९६ वर ७५० वॉटचा हीटर ५२० चाच उरतो. म्हणून वाइंडिंगच्या दुकानातून २ केव्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या, सेकंडरीला (बाहेर वीज देणाऱ्या वाइंडिंगला) ०, ९६ आणि ११५ असे टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं: मोटरला ९६, हीटरला ११५. ऑटो ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा) नको. हीटरच्या काँटॅक्टची फीड टायमरवर वेगळी काढावी लागेल, नाहीतर दोन्ही टॅप एकमेकांना शॉर्ट होतील.

सेकंडरीचं ० टोक अर्थला बांधा, बॉडी अर्थ करा आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रान्सफॉर्मरच्या नंतर लावा. आधी लावलेल्याला पलीकडची गळती दिसत नाही. मूळ वायर दोनच तारांची असेल, ती काढून तीन तारांची घाला.

टायमरची मोटर सिंक्रोनस (फ्रिक्वेन्सीच्याच तालावर फिरणारी) आहे, तीही ५/६ वेगाने फिरेल. ३० मिनिटांची सायकल ३६ मिनिटं चालेल. याने बिघडत काही नाही.

महालकर

वेग १४४० म्हणजे पाण्याचा मारा कमी होणार. मग २८८० ची मोटर बसवली तर?

वाइंडिंगभाऊ

नको! मारा वेगाच्या वर्गात बदलतो, लागणारी ताकद घनात. १४४० वर मारा ७० टक्के राहतो, तो चालून जातो. २८८० वर ताकद मूळच्या साडेचार पट लागेल. १/३ एचपीच्या जागी दीड एचपी, आणि टब त्यासाठी बनलेला नाही. त्यापेक्षा भांडी थोडी कमी लावा.

हिंगणा फिटर

सीलचं सांगतो. मोटर उभी, टबाच्या खाली, आणि तिचाच शाफ्ट तळातून वर येऊन इम्पेलर धरतो. मध्ये अडसर फक्त सीलचा. सील गळलं की पाणी सरळ मोटरच्या वरच्या बेअरिंगमध्ये. म्हणून सील आणि बेअरिंग एकाच वेळी बदला.

शाफ्ट व्हर्निअरने मोजा. इंचातलाच निघेल: १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, ५/८ म्हणजे १५.८८. दुकानदार १६ मिमीचं सील "बसतं की" म्हणून देईल. ते शाफ्टवर सैल राहतं आणि रबराखालून गळतं. मोनोब्लॉक पंपाची कार्बन-सिरॅमिक सील इंचाच्या मापात मिळतात, तीच मागा. जिथे रबर बसतं तिथे शाफ्टवर खाच पडली असेल तर आधी लेथवर स्लीव्ह चढवा. नवं सील खाचेवर आठवडाभरही टिकत नाही.

पाणी. ४ मीटर म्हणजे ०.४ बार, ६ पीएसआयच्या आत. अशा इनलेट व्हॉल्व्हला निदान १५ ते २० लागतात. कमी दाबात पडदा नीट बसत नाही, व्हॉल्व्ह बंद होऊनही झिरपत राहतो. शिवाय या मशीनना बहुधा पातळीचा स्विच नसतो. टायमर ठरावीक सेकंद पाणी सोडतो, दाब कमी तर पाणी कमी. लहान प्रेशर पंप बसवा. पंप लावल्यावर मात्र उलटं होईल: टायमर हळू असल्याने ६० सेकंदांची भरणी ७२ सेकंद चालेल, पाणी २० टक्के जास्त. बादलीत मोजा आणि इनलेटचा कॉक थोडा बंद करून जुळवा. इम्पेलरची पाती बुडायला हवीत. पाणी कमी पडलं तर ती हवा फेकतात, जास्त झालं तर मोटर दमते.

निचरा आपसूक आहे तर मशीन मोरीच्या कडेला, टबाचा तळ मोरीपेक्षा वर ठेवून उभं करा. पाणी गीझरमधून ६० अंशांचं द्या, एवढ्याशा हीटरला गार पाणी तापवायला सायकल पुरत नाही. बोअरवेलचं पाणी टाळा, हीटरवर क्षार चढतात.

एक महत्त्वाचं: हीटरच्या तारांवर किंवा झाकणाच्या आत पांढरं-करडं कापडी आवरण असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. घासू नका, ओढू नका. ओलं करून काढा, पिशवीत बंद करा.

बर्डीची ताई

मांडणी बशी-कपांसाठी केलेली आहे, आपल्या भांड्यांसाठी नाही. पाणी मधून बाहेर फेकलं जातं, म्हणून प्रत्येक वाटीचं तोंड मध्याकडे आणि किंचित खाली हवं. खालच्या जाळीत मोठं पातेलं मधे ठेवलंत तर त्याच्यामागचं सगळं कोरडं राहील. पातेली कडेला, ताटं उभी. ॲल्युमिनियम काळं पडतं, पितळ-कांसं निस्तेज होतं, बिडाचा तवा गंजतो. ही तिन्ही हातानेच धुवा. डिशवॉशरचीच पावडर वापरा. सिंकजवळचं लिक्विड चमचाभर जरी पडलं तरी इम्पेलर त्याचा फेस घुसळतो, फेसात मारा राहत नाही आणि फेस झाकणातून बाहेर येतो.

महालकर

शाफ्ट १२.७ निघाला. हीटरला मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला तर ०.२ मेगाओम दाखवतो. हीटर गेला का?

वाइंडिंगभाऊ

गेला असेलच असं नाही. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते. हीटर काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर सहा-सात तास ठेवा, गरम असतानाच दोन्ही टोकं हाय टेम्परेचर सिलिकॉनने बंद करा, गार झाल्यावर परत मोजा. १ मेगाओमच्या वर गेला तर लावा. नाही गेला तर त्याच मापाची कडी, ११५ व्होल्ट ७५० वॉट, हीटर बनवणाऱ्याकडून करून घ्या.