सकाळी लाकूड, दुपारी ठीक. घरच्यांना पटवायचं कसं?

पहाटवारा:
नमस्कार. वय 32, नाशिकला असते, मुलगा 4 वर्षांचा. डिलिव्हरीनंतर कंबर धरायला लागली तेव्हा सगळे म्हणाले बाळंतपणात शेक नीट घेतला नसेल, मग एकांनी मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला, दीड महिना झोपून काढला आणि उलट जास्तच आखडले. एक्स-रे नॉर्मल. गेल्या वर्षी संधिवाताच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला तेव्हा कळलं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन पाठ आखडणाऱ्या संधिवाताची सुरुवात आहे.

गोळ्यांनी फरक आहे. पण पहाटे 4 ला कळ येऊन जाग येते, 6 ला कूस बदलायची तर पलंगाची कड धरावी लागते, त्यामुळे डबे सासूबाई करतात. आणि 10-11 वाजले की मी मोकळी होते, कपडे वाळत घालते, मुलाला उचलून घेते. सासूबाई वाईट नाहीत हो, पण परवा शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "हिचं दुखणं बरोबर डब्याच्या वेळेला येतं." खूप रडले. कारण बाहेरून बघितलं तर तसंच दिसतं ना.. आता मलाच वाटायला लागलंय मी नाटक तर करत नाही ना?

डोंबिवलीचा:
ताई, नाटक नाहीये, हा आजारच असा आहे. बाकीच्या कंबरदुखीत काम केलं की दुखतं आणि जरा पडलं की बरं वाटतं, इथे उलटं, रात्रभर पडून राहिलं की आखडतं आणि हालचाल केली की सुटतं. डॉक्टर ओळखतात ते बऱ्याचदा यावरूनच. म्हणजे सासूबाईंना ज्याचा संशय येतोय तीच तुमच्या आजाराची खूण आहे. हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू दे. पुढच्या फॉलोअपला त्यांनाच बरोबर न्या.

मला 23 व्या वर्षी सुरू झालं, नाव कळायला 6 वर्षं गेली, तोवर पंगतीत मांडी घालून बसत नाही म्हणून नातेवाइकांत शिष्ट ठरलो होतो. वडील एकदा डॉक्टरांकडे आले, सगळं ऐकलं, घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यासाठी गरम पाण्याची बादली काढून ठेवलेली. अजूनही ठेवतात.

रेवा_सातारा:
दोन गोष्टी लगेच सांगते. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना झाला तर मेडिकलमधून ड्रॉप आणून दिवस काढू नकोस, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते. आणि कुणी कितीही सांगितलं तरी कंबर-मान कडकड मोडून देणाऱ्यांकडे जायचं नाही. व्यायाम मात्र गोळीइतकाच महत्त्वाचा, मी फिजिओने शिकवलेलं अंथरुणातच 10 मिनिटं करते मग उठते. या आजारासाठी मला इंजेक्शन सुरू केलं त्याच्या आधी टीबीची टेस्ट केली होती, तुला कधी इंजेक्शन सुचवलं तर त्या टेस्टला घाबरू नकोस, करतातच.

माई६४:
अगं पोरी, मी तुझ्या सासूच्या वयाची. तू खोटी नाहीस हे मला पटलं. पण या वयात रोज 5 ला उठून डबे करायचे म्हणजे तिचेही गुडघे बोलत असतील, आणि तेही कुणाला दिसत नाहीत. तिला नुसता आजार समजावू नकोस, काम वाटून घे. भाजी रात्रीच चिरून ठेव, कणीक मळून ठेव, संध्याकाळचा स्वयंपाक पूर्ण तुझा, तेव्हा तिला ओट्याजवळ फिरकू देऊ नकोस. आणि मिस्टर कुठे आहेत या सगळ्यात? पोळ्या नाही तर निदान कुकर लावता येतो की त्यांना.

पहाटवारा:
माई, गुडघ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री भाजी चिरून ठेवली, कुकरचं ह्यांना सांगितलंय, हो म्हणालेत. फॉलोअप 18 तारखेला आहे. सासूबाईंना विचारलं येता का, म्हणाल्या, "येते, मलाही गुडघ्याचं विचारायचंय त्यांना."