सेल्टा की ऑनलाइन टेफल? (व्हिएतनाम/थायलंड)

कृष्णाकाठ (धागाकर्ती)
इंग्रजीत एम.ए. झालंय. साताऱ्यात क्लासमध्ये चार वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून इंग्रजी. हनोई किंवा बँकॉकला शिकवायला जायचं डोक्यात आहे. केंब्रिजची सेल्टा (CELTA, इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट) लाख-दीड लाखाच्या घरात जातेय. १२० तासांची ऑनलाइन टेफल (TEFL, परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) काही हजारांत होते. बाबा म्हणतात, एवढ्यात स्कूटर येईल. खरंच एवढा फरक आहे का?

खडूफळा
आहे. टेफल ही कुणा एका संस्थेची परीक्षाच नाही. उद्या कुणीही वेबसाइट काढून सर्टिफिकेट छापेल. सेल्टात खरे विद्यार्थी समोर बसवून सहा तास शिकवावं लागतं, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना, आणि ट्यूटर मागच्या खुर्चीत वही घेऊन बसलेला असतो. माझा पहिलाच धडा 'यूज्ड टू'चा (पूर्वी करायचा, आता नाही). शेवटी विचारलं, "अंडरस्टँड?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मी खूश. नंतर ट्यूटर एवढंच म्हणाला, "ही यूज्ड टू स्मोक. मग तो आता ओढतो का, हे विचारलंस त्यांना?" नव्हतं विचारलं. त्याआधी बारा वर्षं शिकवत होतो, पण हे कुणी दाखवलं नव्हतं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

हनोईवाला
असहमत. अनुभव खरा असेल तुमचा, पण सेल्टातलं शेवटचं अक्षर मुळात 'ॲडल्ट्स'चं. इथे मला दिसतात त्या बहुतेक नोकऱ्या पोरांच्या सेंटरांत. शनिवार-रविवार सात-सात वर्षांची वीस पोरं. शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळायची यांना सवय, त्यामुळे राइस, राइट, राइड तिन्हींचं 'राय'. ते सोडवायला मला सेल्टा नाही, शेजारच्या वर्गातली बाई उपयोगी पडली. ती शेवटच्या अक्षराला टाळी वाजवून घ्यायची.
वर्क परमिटला पदवी लागते आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट. माझं स्वस्तातलंच चाललं. वेळ खाल्ला तो कागदपत्रांनी: पदवीचं ॲटेस्टेशन (ती खरी असल्याचं सरकारी साक्षांकन), पोलीस क्लिअरन्स, वकिलातीचा शिक्का. दोन महिने गेले.

सडेतोड
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. आधी पासपोर्ट बघा. कोरियाचा इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या व्हिसाला १२ वर्षं इंग्रजीतून शिकल्याचा पुरावा मागतात. धागाकर्तीचे अकरावीपासून एम.ए.पर्यंत मोजले तर सातच भरतात. कोर्स कुठलाही करा, ती पाच वर्षं कुठून आणणार?

खडूफळा
म्हणूनच तर! पासपोर्ट बदलता येत नाही, मग जे हातात आहे ते तरी वजनदार नको?

हनोईवाला
'नेटिव्ह ओन्ली' (फक्त इंग्रजी मातृभाषा असलेले) लिहिलेल्या जाहिरातीला अर्ज केला की वजन बघायची वेळच येत नाही हो. आमच्याकडे सेल्टावाल्या एका मल्याळी बाई आहेत, अप्रतिम शिकवतात. त्यांच्यापेक्षा जास्त पगार कालच आलेल्या गोऱ्या पोराला, ज्याला 'प्रेझेंट परफेक्ट' म्हणजे काय तेही सांगता येत नाही. राग येतो, पण आहे हे असं आहे.

दुबईची मावशी
अगं, बी.एड. कर. इथल्या सीबीएसई शाळांत आधी तेच विचारतात. टेफल कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.
(अवांतर: स्कूटरचं बाबांचं बरोबर आहे.)

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. जपान कट. मावशी, बी.एड.ला दोन वर्षं जातील, सध्या तेवढी सवड नाही.
खडूफळा, तुमचं वाचून काल दहावीच्या वर्गात करून पाहिलं. फळ्यावर लिहिलं, 'ही यूज्ड टू लिव्ह इन पुणे', आणि विचारलं, आता तो पुण्यात आहे का? पंचवीसपैकी अठरा हात वर. चार वर्षं मी हेच शिकवतेय.
हनोईवाला, ॲटेस्टेशनला मूळ पदवी प्रमाणपत्रच लागतं ना? माझं अजून विद्यापीठातून आणलेलंच नाही.