गोगलगाय 'यजमान' कशी?

अनुवादवेडी: यकृताच्या कृमींवरचा एक मजकूर मराठीत करते आहे. ईशान्य थायलंड आणि लाओसमध्ये आढळणारा ओपिस्थॉर्किस विव्हेरिनी. आधी गोड्या पाण्यातल्या बिथिनिया गोगलगायीत, मग माशात, शेवटी माणसाच्या पित्तनलिकेत. इंग्रजीत या तिघांनाही 'होस्ट' म्हणतात, म्हणजे कृमी ज्याच्या अंगात राहतो तो. मराठीत 'यजमान' म्हणायचं का? 'इंटरमीडिएट होस्ट'ला 'मध्यस्थ यजमान' लिहिलं आणि डोळ्यांपुढे लग्न जुळवणारी गोगलगाय आली. शिवाय अशा कृमीला इंग्रजीत 'फ्लूक' म्हणतात, त्याला पर्णकृमी म्हणू की चपटा कृमी?

गोठेवाला: दोन्ही चालतील, तो पानासारखाच चपटा असतो. पण आमच्याकडे डॉक्टर गोठ्यात आले की 'लिव्हर फ्लूक'च म्हणतात, आणि आजोबा सगळ्यालाच 'जंत' म्हणून मोकळे होतात. म्हशीच्या जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबायला लागली की तेही डॉक्टरांना बोलवा म्हणतात. म्हशीचा फ्लूक मात्र वेगळा, त्याला मासा लागत नाही. गोगलगायीतून निघून तो सरळ पाणथळीतल्या गवताला चिकटतो. फक्त 'पट्टकृमी' लिहू नका, तो टेपवर्म.

पोटातपाय: यजमान मुळात यज्ञ करवणारा, दक्षिणा देणारा. पाहुण्याला तो स्वतः बोलावतो. गोगलगायीने कुणाला बोलावलंय? 'पोषक' हा शब्द वापरतात की.

अनुवादवेडी: तोच आधी लिहिला होता. 'पोषक मासा' वाचून आई म्हणाली, "कुठे मिळतो गं?" ज्या माशातून रोग होतो त्यालाच पोषक म्हणायचं! 'आश्रयी'ही बघितला, पण तो आश्रय घेणारा की देणारा हे वाचणाऱ्याला कळत नाही.

तळ्याकाठी: मला 'मध्यस्थ'च जास्त खटकतो. मध्यस्थ दोन पक्षांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो. इथे काय होतं बघा. माणसाच्या, कुत्र्या-मांजराच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात. गोगलगाय अंडं खाते, ते तिच्या पोटात फुटतं, मिरासिडियम (पहिली अळी) बाहेर येतो. त्याचा स्पोरोसिस्ट होतो, त्यात रेडिया तयार होतात आणि रेडियांच्या पोटात सर्केरिया. नर-मादीचा संबंधच नाही! एका अंड्यामागे शेकड्यांनी सर्केरिया निघतात. खरी वाढ गोगलगायीत आणि तिला आपण म्हणतो मध्यस्थ. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, इथे पोटात अख्खा कारखाना आहे.

अनुवादवेडी: या अवस्थांना मराठी नावं पाडावीत का?

तळ्याकाठी: नकोत. सर्केरियाच्या मुळाशी ग्रीकमधली 'शेपूट' आहे, म्हणून एकदा 'शेपटीवाली अळी' असं सांगून टाका. मिरासिडियमच्या मुळाशी 'पोरगं' आहे. रेडिया मात्र फ्रान्चेस्को रेदीच्या नावावरून आला. माशीने अंडी घातल्याशिवाय मांसात अळ्या पडत नाहीत हे १६६८ साली दाखवणारा तोच. माणसाच्या नावाचं भाषांतर काय करणार?

पोटातपाय: मग 'पोशिंदा' कसा वाटतो? पहिला पोशिंदा गोगलगाय, दुसरा मासा. मध्यस्थ आपोआप गळतो.

गोठेवाला: शेतकऱ्याला जगाचा पोशिंदा म्हणतात. फुकटात पोसायचं म्हटलं तर जुळतंय खरं!

तळ्याकाठी: तिसऱ्याला 'अंतिम' म्हणू नका. चक्र तिथे संपत नाही, कृमी तिथे वयात येऊन अंडी घालतो इतकंच. 'प्रौढ कृमीचा पोशिंदा' म्हणा. आणि दुसरा पोशिंदा सगळ्याच फ्लूकना लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५२ साली लघवीतून रक्त जाण्याच्या ज्या केसेस नोंदल्या गेल्या, त्या रक्तातल्या फ्लूकच्या होत्या. त्याची सर्केरिया पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतूनच आत शिरते. तिथली गोगलगायही टोपीसारख्या कवचाची, इवलीशी. पटकन गोगलगाय वाटणारच नाही.

अनुवादवेडी: मग असं लिहिते: 'सर्केरिया रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशात शिरते, शेपूट टाकते आणि मांसात कोष करून बसते. तो मासा कच्चा खाल्ला की कोषातली अळी माणसाच्या आतड्यात सुटते आणि पित्तनलिकेत चढते.' पित्तनलिकेच्या कर्करोगाचा भागही आहे. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला कर्करोगकारक ठरवलं. आता अडलंय 'कोई प्ला'वर. लिंबू, मिरची घातलेला कच्चा बारीक चिरलेला मासा. कोशिंबीर म्हणू?

पोटातपाय: नको हो, कोशिंबीर म्हटली की माणूस निर्धास्त होतो. लिंबाने मासा पांढरा पडतो, कोष मरत नाही.

गोठेवाला: खिमा?

पोटातपाय: खिमा म्हटलं की शिजवलेलाच समजतात.

अनुवादवेडी: 'कोई प्ला'च ठेवते. पुढे 'कच्च्या माशाचा पदार्थ', आणि 'कच्च्या' ठळक.