टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीला सीलिॲकची शंका: पोळी लगेच बंद करावी का?

प्रश्न (लेकीची आई, सोलापूर):
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तीन वर्षांपासून टाइप १ मधुमेह आहे. गेल्या काही महिन्यांत तिची उंची वाढलेली नाही, आणि इन्सुलिनचा डोस तोच असून व जेवण पूर्ण होऊनही साखर वारंवार ७० च्या खाली जाते. तपासणीत टीटीजी अँटिबॉडी (सीलिॲकची, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची रक्तातील खूण) वाढलेली आली; टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ठीक आहे. पोटाच्या तज्ज्ञांची भेट तीन आठवड्यांनी आहे, पण पोळी आजपासूनच बंद करावी असे घरात सर्वांचे मत आहे. सासूबाई विचारतात, एकाच लेकराला दोन-दोन आजार कसे?

उत्तर (दोन्ही आजार असलेल्या मुलाचा बाबा):
ताई, निदान पक्के होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू थांबला की अँटिबॉडी उतरू लागते आणि आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते, त्यामुळे नंतर केलेली बायॉप्सी (आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून केलेली तपासणी) फसवी येऊ शकते. आम्ही हीच चूक केली आणि मुलाला पुन्हा कित्येक आठवडे पोळी खाऊ घालून तपासणी करावी लागली. साखर सतत उतरत असल्याचे मात्र मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच कळवा. डोसचा निर्णय भेटीपर्यंत लांबवू नये.

उत्तर (बालरोग विभागात काम करणारी):
सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, आणि एचएलए (प्रतिकारशक्तीशी निगडित जनुके) डीआर३ व डीआर४ या ज्या जनुकीय प्रकारांमुळे हा कल येतो, त्यांच्याच जोडीची डीक्यू२ व डीक्यू८ ही जनुके सीलिॲकलाही वाट करून देतात. थायरॉइडचा विकार या मुलांमध्ये याहूनही अधिक आढळतो. म्हणून लक्षणे नसली तरी तपासण्या ठरावीक काळाने पुन्हा कराव्या लागतात, आणि आज ठीक असलेला टीएसएच पुढेही तसाच राहील असे मानता येत नाही. अन्न नीट शोषले जात नसल्याने साखर उतरत असावी, हे संभवते. तरीही थकवा, वजन घटणे, खारट खाण्याची ओढ किंवा त्वचा काळवंडणे यांपैकी काही दिसल्यास ॲडिसनचा (मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा आजार) विचार करून सकाळच्या कॉर्टिसोलविषयी (याच ग्रंथींचे संप्रेरक) डॉक्टरांना अवश्य विचारा. हा आजार विरळा आहे, परंतु हुकला तर जिवावर बेतू शकतो.

उत्तर (पहिलाच बाबा):
निदान झालेच तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, त्यामुळे सोलापूरकरांना फार जड जाऊ नये! पण जिथे गहू दळला जातो त्या गिरणीत ज्वारी दळू नका, आणि हिंगाची डबी वाचून घ्या, कारण बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. पथ्यानंतर अन्न शोषले जाऊ लागले की इन्सुलिनची गरज वाढू शकते. साखर तेव्हा अधिक वेळा तपासावी लागेल.

लेकीची आई:
आभारी आहे. पोळी चालू ठेवली आहे, डॉक्टरांनी फोनवर रात्रीचा डोस कमी केला, आणि कॉर्टिसोलची तपासणी उद्या सकाळी आहे. हिंगाची डबी पाहिली. त्यात गव्हाचे पीठ आहेच.