मनासारखा निकाल लागला नाही, त्यानंतरचे आठ दिवस : आपापले अनुभव

दहावी, बारावी किंवा प्रवेश परीक्षेचा निकाल अपेक्षेप्रमाणे लागला नाही, तर मुलाची पुढची दिशा बहुधा पहिल्या आठवड्यातच ठरते, आणि नेमकी तेव्हाच घरातील मोठी माणसे सर्वाधिक गोंधळलेली असतात, हे मी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी पाहिले. म्हणून ठाणे व नवी मुंबईतील पालकांना आणि मुलांना विनंती आहे, की त्या दिवसांत काय केले आणि काय करायला नको होते, हे मोकळेपणाने लिहावे. मुलांची व महाविद्यालयांची नावे कृपया देऊ नयेत.

आई, घोडबंदर रोड
माझ्या मुलाने नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा दिली, तेव्हा त्याला ७२० पैकी पहिल्या वेळेपेक्षाही कमी गुण मिळाले. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्यासमोर खासगी महाविद्यालयांच्या शुल्काचे कागद मांडले. मला वाटले, मार्ग दिसला की त्याचे मन हलके होईल. त्याला मात्र आपल्यामुळे घर कर्जात जाणार एवढेच दिसले आणि त्याने आमच्याबरोबर जेवणे सोडले. चौथ्या दिवशी त्याची कळव्याची आत्या आली. ‘माळा आवरायचा आहे, चार दिवस माझ्याकडे चल,’ असे म्हणून ती त्याला घेऊन गेली आणि तिने परीक्षेचा विषयसुद्धा काढला नाही. तिच्याकडे असतानाच त्याने एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा विचार सुरू केला. मित्रांच्या आग्रहाखातर त्याने ती जीवशास्त्र गटातून दिली होती. तिथे चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि त्याचे पर्सेंटाइल चांगले होते. बी. फार्मसीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीचा अर्ज त्याने स्वतः भरला आणि आज तो तिसऱ्या वर्षाला आहे. नीट देणाऱ्या मुलांनी सीईटीचाही अर्ज वेळेत भरावा, असे मी आता भेटेल त्या पालकांना सांगते, कारण नीटच्या निकालानंतर तो भरता येत नाही.

वडील, कोपरखैरणे
मुलगी दहावीत गणितात नापास झाल्याचा फोन आला, तेव्हा मी बाजार समितीत कामावर होतो. घरी पोहोचेपर्यंत शेजारपाजारचे येऊन गेले होते आणि ती आतून कडी लावून बसली होती. मी दाराबाहेर बसलो. मी स्वतः नववीत शाळा सोडली ती गणितामुळेच, ही गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. ती त्या दिवशी बंद दारातूनच सांगितली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंनी समजावले, की एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत प्रवेश मिळतो, शिवाय मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी देता येते. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. शेजारच्या बारावीतील मुलीकडे रोज संध्याकाळी बसून तिने तयारी केली आणि पुरवणीत तिचा विषय सुटला.

मोठी बहीण, ऐरोली
आमच्याकडे निकाल चांगला लागूनही चूक झाली. अकरावीच्या अर्जात बाबांनी भावाला न विचारता दक्षिण मुंबईतील नामवंत महाविद्यालय पहिल्या पसंतीला टाकले आणि तेच मिळाले. पहिली पसंती मिळाल्यावर प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत भाग घेता येत नव्हता, त्यामुळे त्याला जावेच लागले. ऐरोलीहून ठाणे आणि तिथून पुढे मुंबई, असा रोजचा प्रवास करून दिवाळीपर्यंत तो अगदी अबोल झाला होता.

निवृत्त शिक्षिका, नेरूळ
रडणाऱ्या मुलापेक्षा अचानक शांत झालेल्या, झोप उडालेल्या, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकणाऱ्या मुलाची मला अधिक काळजी वाटत आली आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करावा. पालकही करू शकतात.

मुलगा, वागळे इस्टेट
मी अकरावी विज्ञानात नापास झालो. पुढे दहावीच्या गुणांवर पदविकेला प्रवेश घेतला आणि तीन वर्षांनी थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेलो. परंतु हे सगळे नंतरचे आहे. त्या आठवड्यात नातेवाइकांचे जे जे फोन आले, ते सगळे बाबांनी स्वतः घेतले आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिले : ‘ठरले की तोच सांगेल.’