सहा लाखांची एफडी बायकोपासून लपवली, आता ती कामापुरतंच बोलते

हिशेबनीस, सोलापूर

वय ४१. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. दिवसभर लाखांची बिलं हाताखालून जातात, काही वाटत नाही. घरी पोराने सहलीचे साडेचारशे मागितले की छातीत धडधडतं आणि तोंडातून आधी 'नाही' निघतं. रात्री पांघरुणात मोबाईल धरून खात्यातली शिल्लक बघतो. तासाभराने परत बघतो.

वडील गिरणीत साचेखात्यात होते. मी पाचवीत असताना गिरणी बंद पडली. भोंगा थांबला, तरी वडील त्याच वेळेला उठून डबा मागायचे. आई काही न बोलता भाकरी बांधून द्यायची. सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून ते डबा खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. हे मला फार उशिरा कळलं.

सहा वर्षांत सहा लाख साठवले, बायकोला सांगितलं नाही. ती फॉल-पिको करते. गेल्या महिन्यात बँकेचा मेसेज तिने वाचला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गड्ड्याच्या जत्रेत पोरगं पाळण्यात बसायला रडत होतं तेव्हा तुम्ही पैसे नाहीत म्हणालात. मी शिलाईचे दिले. तेव्हाही होते ना?"

या भीतीवर कुणी डॉक्टर असतात का? गुंतवणुकीचा सल्ला नकोय.

समुपदेशक, पुणे

दादा, असतात. अमेरिकेत याला फायनान्शियल थेरपी म्हणतात. तिथले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड क्लॉन्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पैशाबद्दलच्या मनातल्या समजुतींचे चार प्रकार मांडले: पैसा टाळणं, पैशालाच देव मानणं, पैशावरून माणसाची किंमत करणं आणि पैशाबाबत सतत सावध राहणं. तुमचं वाचून चौथा आठवला. सावधपणा वाईट नाही, पण तो अति झाला की पैसा असूनही सुख लागत नाही आणि घरच्यांपासूनही लपवावंसं वाटतं.

आपल्याकडे या नावाचा वेगळा डॉक्टर शोधू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा, जोडप्यांसोबत काम करणारे असतील तर उत्तमच. पहिल्याच भेटीत एफडीपेक्षा तो डबा सांगा. शिल्लक बघितल्यावर घटकाभर बरं वाटतं, मग भीती परत येते आणि पुन्हा बघावंसं वाटतं. हे चक्र हळूहळू तोडायची रीत ते शिकवतील. आज रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही फोनवरची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एक वाचक, बार्शी

थेरपी नंतर करा. आधी एफडीची पावती वहिनींच्या हातात द्या आणि त्यांचं नाव लावा.

माई, कुंभारी

बार्शीच्या दादांचं अर्धं पटलं. नुसती पावती हातात ठेवलीत तर ती म्हणेल, पकडले गेलात म्हणून दिलीत.

माझी आई विड्या वळायची, हजारावर मजुरी. पैसा म्हटलं की मला सुपातला तंबाखू आणि मुकादमाने बाजूला काढलेल्या विड्या दिसतात. लग्नानंतर मी उलटी वागले. पोरांना काही कमी पडू नये म्हणून बचत गटाचं कर्ज काढत गेले आणि मालकांना कळू दिलं नाही. बाहेर आलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत.

आम्ही दोघं सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे चार वेळा गेलो. त्यांनी आमचा हिशेब मागितलाच नाही. "तुमच्या घरात पैशावरून कोण रडायचं?" असं दोघांना विचारलं. मालकांनी त्यांच्या बापाच्या सावकाराची गोष्ट सांगितली. चौदा वर्षांत मला ती माहीत नव्हती. अजून आमची भांडणं होतात, पण रविवारी चहानंतर वही उघडतो आणि जे आहे ते दोघांसमोर असतं.

तुमच्या बायकोला वडलांच्या डब्याचं माहीत आहे का?

हिशेबनीस, सोलापूर

माई, नव्हतं माहीत. काल रात्री ती मशीनवर साडीला पिको करत होती, तेव्हा शेजारी बसून सांगितलं. तिने मशीन थांबवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "मामंजी पावसाळ्यात कुठं बसायचे?" मला सांगता आलं नाही. आज आईला फोन करून विचारणार आहे. सायकॉलॉजिस्टची वेळ शनिवारची मिळाली आहे, ती येते म्हणाली.