वीज कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला अटकेचा अधिकार द्यावा का?

रात्रपाळी

आधीच सांगतो, मी या वादात तटस्थ नाही. वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून बऱ्याच रात्री काढल्यात. माझं म्हणणं सरळ आहे: मोठी उपकेंद्रं आणि वीजनिर्मिती केंद्रं, एवढ्याच ठिकाणच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना झडती, जप्ती आणि अटक हे पोलिसांचे अधिकार कायद्याने द्यावेत.

यार्डातून, म्हणजे उपकेंद्राच्या उघड्या आवारातून, चोर नेतात काय? बहुतेकदा अर्थिंगची तांब्याची पट्टी. भंगारात तिचं फार काही येत नाही. पण ती गेल्यावर लाइनवर फॉल्ट आला, तर करंटला जमिनीत जायची धड वाट उरत नाही आणि ज्या लोखंडी स्ट्रक्चरला आम्ही रोज हात लावतो त्यातच करंट उतरतो. हे ज्याने भोगायचं तो कंपनीचा मालक नसतो, रात्रीचा ऑपरेटर असतो. आणि त्याच्या राखणीला असलेल्या गार्डकडे काय? काठी, विजेरी आणि पोलीस ठाण्याचा फोन नंबर.

चोरीच्या पलीकडचंही आहे. १६ एप्रिल २०१३ ला मध्यरात्र उलटल्यावर कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ उपकेंद्रावर हल्ला झाला. आधी जमिनीखालच्या टेलिफोनच्या फायबर केबल कापल्या, मग शंभराच्या वर गोळ्या झाडल्या. १७ ट्रान्सफॉर्मर जायबंदी झाले. पोलीस पोचले तेव्हा फाटकाला कुलूप होतं, बाहेरून विपरीत काही दिसेना, म्हणून ते माघारी गेले. आत ट्रान्सफॉर्मरचं तेल वाहत होतं! दुरुस्तीला जवळपास महिना लागला. यार्ड ओळखणारा आणि अधिकार असलेला एक जरी माणूस आत असता तर?

रेल्वेच्या सुरक्षा बलाचा कायदा १९५७ चा, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा (सीआयएसएफ) १९६८ चा. दोघांनाही वॉरंटशिवाय अटक करता येते. ग्रिडनेच, म्हणजे विजेच्या जाळ्यानेच, कुणाचं घोडं मारलंय?

सनदवाली

पट्टीचा मुद्दा मान्य. पण गार्डला अधिकारच नाही, हे चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० काढून वाचा. आपल्या समक्ष कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करत असेल तर कोणीही, अगदी तुम्ही-मीसुद्धा, त्याला अटक करू शकतो. सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं, एवढंच. वीज कायदा २००३ चं कलम १३६ तारा आणि साहित्याच्या चोरीबद्दलच आहे, आणि १५१-ब मुळे तो गुन्हा दखलपात्रही आहे, अजामीनपात्रही.

झडतीचं म्हणाल, तर वीजचोरीच्या संशयावरून कंपनीचा अधिकारी कलम १३५ खाली आजही कुलूप तोडून आत शिरू शकतो, राज्य सरकारने त्याला प्राधिकृत केलेलं असलं की झालं. राहतं घर असेल तर सूर्यास्तानंतर तिथे राहणारा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय नाही, ही एक आडकाठी. (प्रौढ पुरुषच का, त्या घरात बाई राहत नाही का, यावर वेगळा धागा काढायला हवा.)

म्हणजे उरलं काय? समक्ष काही पाहिलेलं नसताना, नुसत्या संशयावरून अटक. तुम्हाला नेमकं तेच हवंय, तर तसं स्पष्ट म्हणा.

आणि रेल्वेचा दाखला जपून द्या. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. ती कशी मिळवली जाते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण रेल्वे सुरक्षा बलाचा अधिकारी १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली चौकशी करतो, तेव्हा तो या अर्थाने ‘पोलीस अधिकारी’ नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निकाल आहे. धरताना पोलिसाचा हात, आणि आरोपीच्या संरक्षणाची वेळ आली की ‘आम्ही पोलीस नाही’. वीज कंपनीच्या पदरात हेच घालायचंय का?

वाकडं बोट

काठी, विजेरी आणि फोन नंबर. यातली विजेरी तरी पेटते का? बेड्यांचं नंतर बघू.

तिसरा डोळा

सनदवाली ताई, ‘समक्ष’ हा शब्द कोर्टात शोभतो, यार्डात नाही. यार्ड कित्येक एकरांचं. कॅमेऱ्यात रात्री दोनला सावली दिसते, गार्ड धावत पोचतो तोवर माणूस कुंपणाबाहेर, खांद्यावर पोतं. पट्टी उपटताना कुणी पाहिलं? कुणीच नाही. पोतं उघडायला लावायचा अधिकार? नाही. झटापटीत त्याचा हात मोडला तर केस गार्डवर. मग कंत्राटी गार्ड शहाणपणाने दुसरीकडे बघतो, आणि मी त्याला दोष देणार नाही.

अंधार म्हणजे काय हे ३ डिसेंबर २०२२ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या मूर काउंटीने पाहिलं. दोन उपकेंद्रांवर गोळ्या झाडल्या आणि सुमारे ४५,००० ग्राहकांची वीज गेली. शाळा बंद, रात्रीची संचारबंदी, वर थंडी.

सनदवाली

पोत्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

पण गोळीबाराची उदाहरणं तुमच्याच विरुद्ध जातात. मेटकाफला गोळ्या कुंपणाबाहेरून आल्या. खिशात अटकेचा अधिकार असलेला माणूस आत असता तर तोही ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला बसला असता. त्या घटनेनंतर अमेरिकेत सीआयपी-०१४ हे मानक सक्तीचं झालं. कोणतं उपकेंद्र पडलं तर ग्रिड कोसळेल ते शोधा, तुमचा निष्कर्ष त्रयस्थाकडून तपासून घ्या, संरक्षणाचा आराखडा करा. बेड्यांचा त्यात विषय नाही.

आणि २०२२ च्याच नाताळात वॉशिंग्टन राज्यातल्या पिअर्स काउंटीत चार उपकेंद्रं फोडली, त्यात दोघे पकडले गेले. कशावरून? मोबाइलच्या लोकेशनवरून. उद्देश काय, तर वीज घालवून एका ठिकाणी घरफोडी करायची! हा माग काढणं तपास यंत्रणेचं काम. फाटकावरच्या माणसाला कितीही अधिकार द्या, तो हे करू शकत नाही.

खांबावरचा

मी लाइनमन. कलमं मला कळत नाहीत, पण ती कुठं वापरली जातील ते कळतं.

थकबाकीसाठी सप्लाय तोडायला मी जातो. एकटा, शिडी आणि पक्कड घेऊन. लोक शिव्या घालतात. मग पाच मिनिटांनी विचारतात, आत्ता किती भरलं तर जोडून द्याल? त्या पाच मिनिटांवर माझी नोकरी चालते. उद्या शेजारी बेड्यावाला उभा राहिला तर ते बोलणं संपलं. त्या दिवशी लोक गप्प बसतील. दुसऱ्या दिवशी मी एकटा खांबावर असेन आणि खाली तेच लोक.

रात्रपाळी साहेब म्हणतात, फक्त उपकेंद्रापुरतं. साहेब, गाडी एकच असते. सकाळी यार्ड, दुपारी तारांवरचे वीजचोरीचे आकडे काढायला, महिनाअखेरीला वसुली. गाडीत बसलेला माणूस तोच. त्याचे अधिकार फाटकाशी उतरवून ठेवणार का?

मीटरवाली

+१. आणखी एक. चोर बाहेरूनच येतो हे कुणी ठरवलं? दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम या सरकारी वीज कंपनीच्या कॅमडेन वीजनिर्मिती केंद्रात नोव्हेंबर २०२२ मध्ये पकडलेला माणूस कंत्राटदाराकडचाच होता. बेअरिंगच्या तेलाचा प्लग काढल्याचा आरोप. डिसेंबरात तर काही वीजनिर्मिती केंद्रांवर सैनिक उभे करावे लागले. आतला माणूस सामील असेल तर कंपनीच्या पगारावरचा अधिकारी कंपनीच्याच मॅनेजरची डिकी उघडेल? कंत्राटी कामगाराचा डबा मात्र रोज उघडेल.

रात्रपाळी

खांबावरचा, गाडीचं बोललात ते लागलं. खरं आहे, गाडी एकच असते.

मग प्रस्ताव बदलतो. ब्रिटनमध्ये अणुकेंद्रांसाठी सिव्हिल न्यूक्लिअर कॉन्स्टॅब्युलरी आहे, २००५ पासून. खर्च बराचसा कंपन्यांकडून, पण हुकूम कंपनीचा नाही. वर वेगळं प्राधिकरण, आणि हद्द केंद्रापासून ५ किलोमीटर. असं काही करा. बिलाशी, मीटरशी, आकड्यांशी त्या माणसाचा संबंध नको. पोतं उघडायचा अधिकार हवा, आणि त्याच्यापुढे दिलेली कबुली पोलिसापुढच्या कबुलीसारखीच बाद ठरावी, हे कायद्यातच लिहा. सनदवाली, आता?

सनदवाली

आता तुमचं शीर्षक बदला. हा कंपनीचा सुरक्षा अधिकारी राहिलाच नाही, कंपनीच्या खर्चाने उभा केलेला पोलीस झाला. त्याला माझा विरोध बराच कमी आहे. विरोध कंपन्यांकडून येईल. ज्याला हुकूम देता येत नाही त्याचा पगार कोण आनंदाने देईल? आणि कबुलीचं कलम मसुद्यातून पहिल्याच बैठकीत गळेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तिसरा डोळा

पगाराचा बोजा शेवटी वीजदरात येणार, हेही लिहून ठेवा. तरी मी देईन.

वाकडं बोट

आधी विजेरीचे सेल द्या.

खांबावरचा

रात्रपाळी साहेब, ते ५ किलोमीटर मोजायचे कुठून? उपकेंद्राला कुंपण आहे. पण माझ्या टॉवरचे लोखंडी अँगल कापून नेतात, ती लाइन शेकडो किलोमीटर दुसऱ्यांच्या शेतांतून जाते. टॉवरपासून ५ धरले तर लाइनखालचं प्रत्येक गाव त्या पोलिसाच्या हद्दीत आलं. नाही धरले, तर जिथं खरी चोरी होते तिथं तो नाही.

रात्रपाळी

लाइनचा विचार मी केलाच नव्हता. यार्डातल्या माणसाला यार्डच दिसतं. उद्या सुट्टी आहे, बसून परत लिहितो.